कप रिकामा झाला का?

मेंढराच्या लोकरीत कुसळं अडकतात ना, तसे हे किस्से. मुद्दाम कोणी गोळा करत नाय. रानातनं चालत गेलं की आपोआप चिकटतात. एक काढायला बसावं तर खाली धा निघतात, आणि प्रत्येक बोटाला टोचतं. गावातली माणसं म्हणतात, "आबा, तो कॉफीच्या हाटेलातला किस्सा सांगा की!" आणि आधीच दात काढून बसतात. काढा बाबांनो. तुमचं काय जातंय!

आमचं गाव कन्नडच्या पुढं, घाटाच्या अंगाला. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखायची, थोडी कोरडवाहू करायची. पोरगी दिल्या घरी सुखी हाय. मागं राहिला एकटा पोरगा, सोपान. दारू नाय, तंबाखू नाय, वर तोंड करून बोलणं नाय. दोष दोनच. वय पस्तिशीच्या पुढं, आणि मागं मेंढरं.

आता पोरीकडचे घरी बोलवत नायत. "जमलं नाय तर गावात बोभाटा होतो," म्हणतात. शहरात भेटू, कॉफी पिऊ, बघू. शहर म्हणजे संभाजीनगर. मी अजून औरंगाबादच म्हणतो. कंडक्टर दोन्ही म्हणतो. तिथं जालना रोडला एक काचेचं हाटेल हाय. नाव इंग्रजीत. मला मराठीच धड वाचता येत नाय, त्यामुळं तीन वर्षं जाऊनबी त्याचं नाव मला ठाऊक नाय.

सोयरीक जमवणारा माझा मेव्हणा, बाबू. त्याचं एक शास्त्र हाय. "दाजी, पोरगी तोंडानं काय बोलती तिकडं ध्यान देऊ नका. कपाकडं बघा. रिकामा केला तर होकार. भरलेला सोडला तर टोपी उचला आणि चला."

पूर्वी हे आमच्या हातात होतं. पोरीच्या घरी चहा आला आणि आपण हात लावला नाय, की तिचा बाप काय ते समजायचा. आता कप तिच्या हातात, आणि आम्ही तिघं बकरी बघावी तसं त्या कपाकडं बघत बसायचं!

*

पहिली खेप. बाबूनं सोपानला सांगितलं होतं, "अंगाला वास यायला नको." तर ह्यानं अर्धी बाटली अत्तर ओतलं. मेंढराचा वास गेला नाय. त्याच्यावर गुलाबाचा बसला. एसटीत एक बाई कन्नडपासनं खिडकीबाहेर तोंड काढून आली.

हाटेलात गार हवा. खुर्च्या मऊ. टेबलावर एक लाकडी डबी होती. टोपी ठेवायला बरी म्हणून मी तिच्यावर माझी टोपी ठेवली. पुढं प्रत्येक खेपेला ठेवली.

कॉफी आणून देणारी एक पोरगी होती. चटपटीत, काळी ओढणी कंबरेला खोचलेली. तिनं आधी पाणी आणलं. मी आपलं विचारलं, "नाव काय, पोरी?"

"प्रज्ञा."

"आडनाव?"

तिनं सांगितलं. हातातल्या मोबाइलच्या पाठीवर निळं चक्रबी होतं. मी ग्लास बाजूला सारला. तिनं बघितलं.

बाबू कानाशी लागला, "दाजी, शहरात हे चालत नाय."

म्हणलं, "माझ्या तोंडात काय जावं ते शहर ठरवणार का?"

मग बघायची पोरगी आली, आईबापासंगं. तिनं सोपानला विचारलं, "छंद काय?" सोपान गडबडला. म्हणला, "मेंढरं." "आणखी?" सोपाननं डोकं खाजवलं आणि म्हणला, "शेळ्याबी हायेत."

तिच्या कपावरची साय तशीच राहिली.

*

परत येताना बाबूनं जुनी गोष्ट काढली. आमच्या गावात एसटी थांब्यावर पहिलं चहाचं हाटेल निघालं तेव्हाची. मी तेव्हा चड्डीत होतो. आत बाकडी होती, ती पाटील-देशमुखांची. आम्ही मेंढरंवाले भाईर धोंड्यावर बसायचो. आमच्या घोंगडीचा वास येतो म्हणून. आणि भिंतीतल्या कोनाड्यात चार कपबश्या वेगळ्या ठेवलेल्या असायच्या, कान तुटलेल्या. त्या दुसऱ्या वस्तीतल्या लोकांच्या. त्यांनी प्यायचं, त्यांनीच धुवायचं, परत कोनाड्यात ठेवायचं.

एकदा मला लई तहान लागली म्हणून मी कोनाड्यातलाच कप उचलला आणि चहा घेतला. बापानं सगळ्यांसमोर हाणलं. घरी आल्यावर आईनं अंगावर पाणी ओतलं.

बाबू म्हणला, "आणि चहा एकाच किटलीतला होता, दाजी!"

म्हणलं, "ते मला तेव्हाबी दिसत होतं. पण रीत ती रीत."

सोपान खिडकीशी बसला होता. तो म्हणला, "आबा, तुम्हाला धोंड्यावर बसवायचे, तीबी रीतच का?"

मी म्हणलं, "गप बस. तुझ्यामुळं आज शेळ्यांचं हसं झालं."

*

पुढल्या खेपेला बाबूनं ठरवलं, मेंढरांचं नावच काढायचं नाय. पोरीच्या बापाला सांगून टाकलं, "पोरगा शेंद्र्याला कंपनीत हाय. सुपरवायझर."

बाप खूश. चुलता खूश. पोरगी कपात चमचा फिरवाया लागली. बाबूनं मला टेबलाखालनं कोपरानं ढोसलं, बघा, बघा.

तेवढ्यात पोरीचा भाऊ गाडी लावून आत आला. "कंपनीत का? मी पण शेंद्र्यालाच! कोणत्या प्लांटला?"

बाबूचं तोंड उघडंच राहिलं. मी छताकडं बघाया लागलो. सोपानला खोटं बोलता येत नाय. अगदी शांतपणे म्हणला, "मी ज्या प्लांटला हाय, तिथं समद्यांना चार पाय असतात."

मागं गल्ल्यापाशी ती प्रज्ञा एवढी मोठ्यानं हसली की हातातला ट्रे खाली पडला. पोरीकडच्यातलं कोणी हसलं नाय.

कप? अहो, चमचाबी त्यातच सोडून गेले! भरलेलाच राहिला.

*

मग एक पोरगी अशी आली की तिनं समदी कॉफी पिली! तळापर्यंत. वरनं ग्लासभर पाणी पिली. बाबू उठून उभा राहिला. मला म्हणला, "दाजी, साखरपुड्याची तारीख काढा!" पोरीचा बाप तिथंच सोपानला जावई म्हणाया लागला. मिशीवाला, आडदांड माणूस. आत आल्यापासनं पोरीच्या मानेवरची नजर त्यानं हलवली नव्हती.

रिवाजाप्रमाणं पोरगा-पोरगीला पाच मिनटं वेगळ्या टेबलावर बसवलं. परत आले. सोपान उभाच राहिला आणि म्हणला, "मला पोरगी पसंत नाय."

मला वाटलं याला चक्कर आली! तिच्या बापानं तर आमची सातही कुळं काढली. "मेंढरं वळणाऱ्यांनी माझ्या लेकीला नाय म्हणायचं? आरसा बघितला का कधी?" असं आणि तसं. सगळं हाटेल बघाया लागलं. सोपान मान खाली घालून उभा.

परतीच्या एसटीत मी त्याला घाटापर्यंत शिव्या दिल्या. तरी गप.

खरं काय ते मला पुढल्या खेपेला प्रज्ञानं सांगितलं. सोपान हात धुवाया गेला होता. ती टेबल पुसता पुसता म्हणली, "बाबा, त्यांना रागवू नका. त्या मुलीचं मन दुसरीकडं होतं. ‘मी नाही म्हणले तर वडील जिवंत ठेवणार नाहीत, तुम्हीच नाही म्हणा,’ असं ती रडून सांगत होती. मी मागंच उभी होते."

"मग तिनं कप कशापायी रिकामा केला?"

"घसा कोरडा पडला असंल बाबा. भीतीनं."

बाबूचं शास्त्र तिथंच फाटलं. पण माणसाला धरायला काय तरी पाहिजे. आम्ही कपाकडं बघणं सोडलं नाय.

*

एकदा बाबूनं लांबनं, विदर्भाकडनं स्थळ आणलं. मधे एक एजंट. पोरगी देखणी, लाजरी. तिला मेंढरं चालत होती, सासू चालत होती, गाव चालत होतं! घाई तेवढी होती. "मुहूर्त आठवड्यातलाच धरा," एजंट म्हणला.

मी हो म्हणणार, तेवढ्यात प्रज्ञा कॉफी घेऊन आली. पोरीसमोर कप ठेवला आणि गोड आवाजात म्हणली, "कविता ताई, आज पण कोल्ड कॉफीच का?"

पोरगी एजंटाकडं बघाया लागली. आम्हाला तिचं नाव सुनीता सांगितलं होतं.

प्रज्ञा म्हणली, "मागं आला होतात ना, करमाडच्या मुलासोबत? पेढे दिले होते तुम्ही. लग्न झालं होतं की."

एजंट फोन कानाला लावून भाईर गेला, तो गेलाच. पुढं कळलं, करमाडच्या पोरासंगं ती चार दिवस नांदली आणि अंगावरच्या डागिन्यांसकट गायब झाली. त्या पोरानं नंतर विहीर जवळ केली. लोकांनी वेळेवर काढला म्हणून जगला. पण बोलत नाय म्हणे कोणासंगं.

बाबू ओरडाया लागला, "पोलिसाला बोलवा!" पण पोरगी जागची हलली नाय. नळी तोंडात धरून सगळी कॉफी संपवली, शेवटी बर्फाचा खुळखुळ आवाज येईपर्यंत. मग उठली, पर्स घेतली. जाताना म्हणली, "माझं बी घर चालतंय का नाय, ते कोणी विचारत नाय."

सोपाननं प्रज्ञाचे आभार मानले. लई वेळ मानत होता. मी खाकरलो तरी थांबला नाय.

*

त्यानंतर सोपानला एक खोड लागली. आम्ही नऊच्या गाडीनं जायचो, हा सातच्या गाडीनं पुढं. कारण काय? म्हणं गर्दी असती. आम्ही पोचायचो तेव्हा हा गल्ल्यापाशी उभा, आणि ती त्याला कसली कसली कॉफी दाखवती. फेसाची, बिनफेसाची, काळी. ह्याला समद्यांची नावं पाठ. शाळेत असताना पाढे पाठ झाले नायत गड्याला!

घरीबी कॉफी कराया लागला. शेळीच्या दुधाची. त्याच्या मायनं पिली. म्हणली, "चांगली झालीय की रे. कुठं शिकलास?"

"तिथं," म्हणला.

म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. मी म्हणलं, "माझ्याकडं काय बघतीस? मला चहा टाक."

असाच एकदा परतीच्या गाडीत माझ्याशेजारी बसला होता. दौलताबादचा किल्ला मागं पडला, वेरूळचा घाट उतरलो. मग एकदम म्हणला, "आबा, तिथली कॉफी बरी असती. तुम्ही एकदा पिऊन बघा की."

"त्या पोरीच्या हातची?"

"व्हय."

"मरंन," मी म्हणलं, "पण पिणार नाय."

"बरं," म्हणला. खिडकीची काच वर सरकवली, कारण धूळ येत होती. परत कधी तो विषय काढला नाय.

*

शेवटाकडच्या एका खेपेला एक तालेवार बाई आली, पोरीची आई. सोपान समोर बसला आणि तिनं पदर नाकाला लावला. बसल्यापासनं उठेपर्यंत खाली घेतला नाय. पदरामागनंच सगळं बोलली. "तुमच्यात अजून रानात, वाड्यावर राहतात का मेंढरांसंगं? आमच्या मुलीला सवय नाही हो असल्या लोकांची."

पोरगी कपाला शिवलीबी नाय. बाईनं तर जाताना खुर्ची रुमालानं पुसली. बसायच्या आधी नाय, उठल्यावर! आमचा वास तिच्या साडीला लागला का बघत होती.

माझं डोकं फिरलं. टेबलावर हात आपटला मी. "आम्ही माणसं नाय का? ही कोण लागून गेली? वासावरनं माणूस ठरवती? घाम काय हिच्या घरात येत नाय? बाबू, सांग, आम्ही माणसं नाय का!"

प्रज्ञा कप उचलायला आली होती. ती माझ्याकडं बघून हसली. मोठ्यानं नाय, उगं ओठाच्या कोपऱ्यात.

मी म्हणलं, "हसाया काय झालं ग?"

"काही नाही बाबा," म्हणली. "तुमचं पाणी तसंच राहिलंय, नेऊ का?"

सोपान उठून भाईर गेला.

*

आता हा शेवटचा.

औंदा उन्हाळा सरता सरता बाबूनं आणखी एक स्थळ आणलं. सोपान आधल्या दिवशीच "काम हाय" म्हणून शहराला गेला होता. आम्ही पोचलो. पोरीकडचे आले. सोपान नाय. फोन लावला, बंद. पोरीकडच्यांनी कॉफी मागवली, पिली, घड्याळ बघितलं आणि गेले. पोरीनं कप रिकामा केला होता. बाबू तो कप हातात घेऊन बघत बसला आणि म्हणला, "दाजी, आज होकार होता हो!" मग तोबी चिडून निघून गेला.

मी एकटा राहिलो. टोपी डबीवर, हात मांडीवर. कुठं जायचं ते सुचंना.

प्रज्ञा आली. लई दिवसांनी दिसली. गळ्यात काळी पोत, नवी कोरी. हातावरची मेंदी फिकी पडलेली.

म्हणलं, "सोपान आला होता का इथं?"

"सकाळी आले होते. बॅग घेऊन. पुण्याची गाडी पकडायची होती."

"पुण्याची? कशापायी?"

"काम बघितलंय म्हणाले. कॉफीच्याच दुकानात." ती कप उचलाया लागली. "मेंढरांचं चुलतभावाला सांगून गेलेत. आई रडंल म्हणाले, तिला संध्याकाळी फोन करतो."

"आणि बापाला?"

तिनं टेबलावरनं फडकं फिरवलं.

"मला काय सांगितलं नाय त्यानं," मी म्हणलं. "एक शब्द विचारला नाय."

"विचारलं होतं की बाबा. एसटीत." तिनं फडकं खांद्यावर टाकलं. "इथनं गेले ते विचारायचं ठरवूनच गेले होते. दुसऱ्या दिवशी सातच्या गाडीनं येऊन सांगितलं मला, माझ्या हातच्या कॉफीला तुम्ही काय म्हणलात ते. जसंच्या तसं."

रस्त्यावर गाड्या वाजत होत्या. काचेमुळं आत आवाज येत नव्हता.

"माझ्या लग्नाला आले होते," ती म्हणली. "आमच्या घरी पंगतीला बसले. पोटभर जेवले. माझ्या आईला म्हणले, वरण लई चांगलं झालंय."

मग ती गेली. मला वाटलं, झालं, आता उठावं. तेवढ्यात ती परत आली आणि माझ्यासमोर कप ठेवला. वाफ निघत होती. मी मागवला नव्हता.

"घ्या," म्हणली, आणि हाताची घडी घालून तिथंच उभी राहिली. तीन वर्षं आम्ही दुसऱ्यांच्या पोरींच्या कपाकडं बघायचो ना, तशी.

मी कप उचलला. पिलो. जीभ भाजली तरी थांबलो नाय. तळापर्यंत पिलो, आणि तिला दिसावा म्हणून कप बशीत उलटा ठेवला.

"कशी झाली?" तिनं विचारलं.

काय बोलावं? आयुष्यात गोड बोलाया कोणी शिकवलं नाय. जे तोंडात होतं ते सांगितलं. "लई कडू हाय. साखर नाय यात."

तिनं हात पुढं केला आणि टेबलावरची माझी टोपी उचलली. अलगद, दोन्ही हातांनी. खाली ती लाकडी डबी. तिनं झाकण उघडलं.

"साखर हितंच असती बाबा," ती म्हणली. "पहिल्या दिवसापासनं."